कानमध्ये अव्वल, पॅरिसमध्ये नापास: ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’चे दहा महिने

२१ सप्टेंबर २०२३ रोजी पॅरिसमध्ये सात जणांच्या समितीने फ्रान्सची ऑस्करसाठीची प्रवेशिका ठरवली. अंतिम यादीत पाच चित्रपट होते. त्यांतल्या एकाने चार महिन्यांपूर्वी कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाल्म दॉर, जिंकला होता आणि २३ ऑगस्टपासून तो फ्रान्सच्या थिएटरांत गर्दी खेचत होता. समितीने निवडला दुसराच. पुढे २३ जानेवारी २०२४ ला ऑस्करची नामांकनं जाहीर झाली, तेव्हा समितीने पाठवलेला चित्रपट अंतिम पाचांत नव्हता. नाकारलेल्या चित्रपटाला मात्र पाच नामांकनं होती, आणि त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं.

दिग्दर्शिका ज्यूस्तिन त्रिए यांच्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ची ही हकीकत एरवी ‘पाल्म स्वीकारताना त्रिए यांनी सरकारवर टीका केली म्हणून सरकारने सूड उगवला’ या एका वाक्यात उरकली जाते. ती तशी उरकू नये. मे २०२३ ते मार्च २०२४ या दहा महिन्यांत चित्रपटाची एक फ्रेमही बदलली नाही. बदलत गेले ते मत देणारे लोक आणि मत देण्याचे नियम. हे नियम उलगडून पाहिले की महोत्सवातली मान्यता पुढे कुठे उपयोगी पडते आणि कुठे मुळीच नाही, ते नेमकं दिसतं.

चित्रपट आणि त्यातल्या भाषा

ग्रेनोबलजवळच्या डोंगरात एका घरात जर्मन लेखिका सांड्रा, तिचा फ्रेंच नवरा साम्युएल आणि अकरा वर्षांचा, दृष्टी अधू असलेला मुलगा डॅनियल राहतात. साम्युएल घराबाहेर बर्फात मरून पडलेला सापडतो. पोटमाळ्यावरून पडला, त्याने उडी घेतली की त्याला ढकललं? वर्षभराने सांड्रावर खटला उभा राहतो. दीडशे मिनिटांच्या या चित्रपटातला मोठा भाग कोर्टात घडतो.

फ्रान्सचं हे कोर्ट आपल्याला सवय असलेल्या कोर्टासारखं नाही, आणि पटकथेची बरीचशी ताकद त्यातूनच येते. खुनासारख्या गुन्ह्याच्या पहिल्या सुनावणीत तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक ज्युरी एकत्र बसून निकाल ठरवतात. त्यांच्याकडून कायद्याला हवी असते ‘आतून पटलेली खात्री’. ती कशी पटली याचं ठरीव माप नाही. आरोपीला शपथ दिली जात नाही आणि खटला चालू असताना तिला मधेच बोलण्याची संधी मिळत राहते. त्यामुळे सरकारी वकील सांड्राच्या कादंबऱ्यांतले उतारेही तिच्याविरुद्ध वापरू शकतो आणि नवराबायकोच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण अख्ख्या कोर्टात वाजवलं जातं. त्या ध्वनिमुद्रणाचा प्रसंग हा चित्रपटाचा कणा आहे. भांडण सुरू होतं तेव्हा आपल्याला स्वयंपाकघर दिसतं, माणसं दिसतात. हातघाईची वेळ येते आणि चित्र पुन्हा कोर्टात येतं. आता फक्त आवाज. कोणी कोणाला मारलं हे ज्युरीला जितकं कळतं तितकंच प्रेक्षकाला. डॅनियलच्या साक्षीतही हीच शिस्त पाळली आहे: आठवणीत बाप बोलताना दिसतो, पण त्याच्या ओठांवर आवाज मुलाचा असतो. म्हणजे हे घडलेलं आहे की मुलाने रचलेलं, याची खूण कुठेच ठेवलेली नाही. त्रिए यांनी सांड्राची भूमिका करणाऱ्या अभिनेत्री सांड्रा ह्यूलर यांनाही ‘ती दोषी आहे का’ याचं उत्तर दिलं नव्हतं; निर्दोष असल्यासारखी भूमिका कर, एवढंच सांगितलं होतं.

पटकथा त्रिए आणि आर्तुर हरारी यांची. पुढच्या सगळ्या प्रवासावर परिणाम करणारी गोष्ट मात्र भाषा ही आहे. नवराबायको घरात इंग्रजी बोलतात, कारण तिची जर्मन त्याला येत नाही आणि त्याच्या फ्रेंचमध्ये ती अडखळते. कोर्टात तिला फ्रेंच बोलायला लावतात, आणि बारीक अर्थ मांडायची वेळ आली की ती इंग्रजीकडे वळते. स्वतःची मातृभाषा तिला कुठेच वापरता येत नाही. कथेला हे इतकं चपखल बसतं की यात बाजाराचा हिशोब असेल असं मनातही येत नाही. तरीही परिणाम झालाच: अमेरिकन मतदाराला या चित्रपटातला सर्वांत तीव्र प्रसंग उपशीर्षकांशिवाय कळतो.

कान: मोठा पुरस्कार बाकीचे पुरस्कार खातो

त्रिए कानला नवख्या नव्हत्या. हा त्यांचा चौथा कथापट. २०१९ मध्ये त्यांचा आधीचा चित्रपट मुख्य स्पर्धेत होता आणि ह्यूलर त्यातही होत्या. २०२३ चा महोत्सव १६ ते २७ मे असा झाला. स्पर्धेत २१ चित्रपट होते आणि त्यांतले सात स्त्री दिग्दर्शकांचे. हा तेव्हाचा विक्रम. दिग्दर्शक रूबेन ओस्टलुंड अध्यक्ष असलेल्या नऊ जणांच्या ज्युरीने ‘अ‍ॅनाटॉमी’ला पाल्म दॉर दिला. १९९३ मध्ये जेन कॅम्पियन, २०२१ मध्ये ज्युलिया ड्युकुर्नो आणि आता त्रिए, अशा तीनच स्त्री दिग्दर्शकांकडे हा पुरस्कार तोवर गेला होता. ड्युकुर्नो या वेळी ज्युरीतही होत्या.

इथे एक नियम नीट लक्षात घ्यावा लागतो. १९९१ मध्ये एकाच चित्रपटाने पाल्म, दिग्दर्शन आणि अभिनय असे तीन पुरस्कार नेले. त्यानंतर कानने पुरस्कार वाटून देण्याचे नियम कडक केले. पाल्म मिळालेल्या चित्रपटाला सहसा दुसरं काही मिळत नाही. म्हणून २०२३ मध्ये पटकथेचा पुरस्कार जपानी ‘मॉन्स्टर’च्या लेखकाला आणि अभिनेत्रीचा तुर्कस्तानच्या मर्वे दिझदार यांना गेला. ह्यूलर त्या वर्षी पाल्म मिळवणाऱ्या चित्रपटात होत्या आणि दुसऱ्या क्रमांकाचा ग्राँ प्री मिळवणाऱ्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्येही होत्या. तरी त्या वर्षी त्यांच्या नावावर कानचा एकही पुरस्कार लागला नाही. ज्या दोन बाबींसाठी हा चित्रपट पुढे जगभर गौरवला गेला, पटकथा आणि मुख्य भूमिका, त्यांवर कानच्या यादीत कोणाचा शिक्का आहे? दुसऱ्यांचाच. कानची यादी वाचताना ‘कोण सर्वोत्तम’ एवढंच पाहून भागत नाही. ज्युरीने नऊ जणांच्या खोलीत काय वाटून घेतलं, तेही वाचावं लागतं.

पाल्म कुत्र्यालाही मिळाला, वेगळ्या नावाचा. चित्रपटातला स्नूप साकारणारा बॉर्डर कोली जातीचा मेसी ‘पाम डॉग’चा मानकरी ठरला. हा पुरस्कार अधिकृत नाही, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये नामांकितांच्या ऑस्कर भोजनाला मेसी हजर राहिला तेव्हा त्याच्याइतके फोटो क्वचितच कोणाचे निघाले असतील.

भाषण

पाल्म स्वीकारताना त्रिए यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं. निवृत्तीवेतनातल्या बदलांविरुद्धचं आंदोलन सरकारने ज्या रीतीने दडपलं ती एक, आणि संस्कृतीचा व्यापार करण्याकडे सरकारचा कल आहे ही दुसरी. चुका करत शिकण्याची जी मुभा आपल्याला मिळाली ती नव्या दिग्दर्शकांनाही मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. सांस्कृतिक मंत्री रीमा अब्दुल मलाक यांनी त्याच रात्री हे भाषण अन्यायकारक असल्याचं जाहीरपणे म्हटलं.

दोघींच्या बोलण्याला एक पाया आहे. फ्रान्समध्ये सिनेमाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर लागतो. तो थेट राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे, म्हणजे सीएनसीकडे जातो आणि तिथून पुढच्या चित्रपटांना आधार मिळतो. शिवाय दूरचित्रवाणी वाहिन्यांना चित्रपटांत पैसे घालावे लागतात आणि प्रादेशिक निधीही असतात. ‘अ‍ॅनाटॉमी’चं बजेट साठ लाख युरोंच्या थोडं वर होतं, आणि त्यात सरकारी वाहिनीच्या चित्रपट विभागाचा वाटा होता. मंत्र्यांचं म्हणणं होतं, याच व्यवस्थेने तुमचा चित्रपट उभा केला. त्रिए यांचं म्हणणं होतं, ती व्यवस्था हळूहळू पोखरली जाते आहे. वाद खरा होता आणि गरजेचाही. मात्र पुढचे चार महिने या चित्रपटाबद्दल जे काही झालं ते सगळं याच भाषणाच्या चष्म्यातून पाहिलं गेलं.

सात जणांची खोली

ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा गाभा तेव्हा एका ओळीचा होता: एका देशाचा एकच चित्रपट. नामांकनात नाव देशाचं लागे आणि पुरस्कार दिग्दर्शक देशाच्या वतीने घेई. चित्रपट ठरलेल्या मुदतीत अमेरिकेबाहेर सलग सात दिवस थिएटरात चाललेला असावा आणि निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजी सोडून इतर भाषांत असावेत. ‘अ‍ॅनाटॉमी’त इंग्रजीचा वाटा मोठा असला तरी फ्रेंचचं पारडं जड होतं, म्हणजे नियमाने तो बाद नव्हता.

फ्रान्समध्ये निवड सीएनसीच्या अखत्यारीतली समिती करते. एके काळी कान महोत्सवाचे प्रमुखही त्या समितीत बसत. त्यामुळे कानच्या चित्रपटांना झुकतं माप मिळतं अशी तक्रार असे, आणि २०२२ मध्ये रचना बदलली गेली. २०२३ च्या सात जणांत दिग्दर्शक, निर्माते, परदेशी विक्री करणारे आणि एक संगीतकार होते. मतदानापूर्वी प्रत्येक अंतिम चित्रपटाचा निर्माता, परदेशी विक्रेता आणि अमेरिकन वितरक यांना बोलावून ‘तुम्ही मोहीम कशी चालवणार’ असं विचारलं जातं. म्हणजे ही परीक्षा कलेची कमी आणि हिशोबाची जास्त असते.

समितीने ‘ला पासियों द दोदँ बुफाँ’ निवडला. दिग्दर्शक त्रान आन हुंग; यांनाच त्या वर्षी कानचा दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला होता. ज्युलिएट बिनोश आणि बेन्वा माजिमेल प्रमुख भूमिकांत, एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच स्वयंपाकघर, मंद आचेवरचं प्रेम. परदेशी माणसाच्या मनातला फ्रान्स इतका नेमका दुसऱ्या चित्रपटात सापडला नसता.

सूडाचा आरोप लगेच झाला. त्याला पुरावा कधी पुढे आला नाही, आणि निवडीचं कारण त्याविनाही समजतं. फ्रान्सने हा ऑस्कर त्याआधी शेवटचा जिंकला होता तो १९९३ च्या सोहळ्यात, ‘इंदोशीन’साठी, म्हणजे तीस वर्षं आधी. २०२१ मध्ये फ्रान्सने पाल्म दॉर विजेता ‘तितान’ पाठवला आणि तो अकादमीच्या पहिल्या पंधरा चित्रपटांच्या यादीतही आला नाही. ही जखम ताजी होती. ‘पाल्म मिळाला म्हणून पाठवायचा’ ही चूक पुन्हा करायची नाही, असं ठरवणारी समिती मृदू, सुंदर, सगळ्यांना आवडेल अशा चित्रपटाकडे वळणं स्वाभाविक होतं.

चूक झाली ती धडा चुकीच्या ठिकाणाहून घेतल्यामुळे. ‘तितान’ हिंसक, शरीराला भिडणारा चित्रपट होता. पाल्म हे त्याच्या अपयशाचं कारण नव्हतं. खरा तुलनीय दाखला एकाच वर्षापूर्वीचा होता. २०२२ चा पाल्म विजेता ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ बराचसा इंग्रजीत होता, तो सर्वसाधारण विभागात उतरला आणि चित्रपट, दिग्दर्शन व पटकथा अशी तीन मोठी नामांकनं घेऊन गेला. त्याचा अमेरिकन वितरक निऑन. ‘अ‍ॅनाटॉमी’चा वितरकही निऑनच. २०१९ चा ‘पॅरासाइट’, मग ‘तितान’, ‘ट्रँगल’ आणि हा, असे सलग चार पाल्म विजेते याच कंपनीकडे होते. मोहिमेबद्दल विचारणा करणाऱ्या समितीला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. त्याचं वजन तिने कमी धरलं, एवढंच.

देशाची चिठ्ठी न लागणारं दार

सर्वसाधारण विभागांसाठी अकादमीला कोणत्याही देशाची शिफारस लागत नाही. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को परिसर, शिकागो, अटलांटा, डॅलस या सहा महानगर भागांपैकी एकात त्या वर्षात सात दिवसांचे तिकीट लावून खेळ झाले पाहिजेत, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी त्यापलीकडच्या काही अटी. निऑनने १३ ऑक्टोबर २०२३ ला चित्रपट अमेरिकेत लावला. त्याआधी टेल्युराइड, टोरोंटो आणि न्यूयॉर्क महोत्सवांत तो दाखवून झाला होता. म्हणजे सप्टेंबरच्या निकालाची वाट न पाहता दुसरा रस्ता आधीच बांधलेला होता. परदेशी चित्रपटाची मोहीम आखणाऱ्याने या प्रकरणातून उचलावी अशी पहिली गोष्ट ही तारीख आहे.

दुसरी गोष्ट मतदानाच्या रचनेत आहे. नामांकनाच्या फेरीत पटकथेला लेखक मत देतात, संकलनाला संकलक, अभिनयाला नट आणि दिग्दर्शनाला दिग्दर्शक. लोरां सेनेशाल यांचं संकलन आणि ह्यूलर यांचा अभिनय त्या त्या धंद्यातल्या माणसांसमोर गेला. अशा फेरीत सगळ्यांना थोडाथोडा आवडणारा चित्रपट मागे पडतो आणि एखाद्या शाखेला मनापासून भावलेलं काम पुढे येतं. शिवाय २०१६ नंतर अकादमीने अमेरिकेबाहेरचे सभासद मोठ्या संख्येने घेतले आहेत, आणि कानमध्ये काय गाजलं हे त्यांना सांगावं लागत नाही.

आंतरराष्ट्रीय विभागात ‘दोदँ बुफाँ’ पंधरांच्या यादीपर्यंत पोचला आणि थांबला. अंतिम पाचांत ब्रिटन, इटली, जपान, स्पेन, जर्मनी. जिंकला ब्रिटनचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’, तोही जर्मन भाषेत. फ्रान्सने ‘अ‍ॅनाटॉमी’ पाठवला असता तर ऑस्कर मिळालाच असता, असं छातीठोकपणे म्हणण्यात अर्थ नाही. समोर हाच ‘झोन’ होता. पाचांत जागा मिळाली असती, हे मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनानंतर नाकारणं अवघड आहे.

हिवाळ्यातले निकाल

नियम बदलला की निकाल कसा बदलतो याची याहून स्वच्छ उदाहरणं सापडणार नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपियन फिल्म अवॉर्ड्समध्ये चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेत्री आणि संकलन असे पाच पुरस्कार. ७ जानेवारीला गोल्डन ग्लोब: इथे इंग्रजीव्यतिरिक्त भाषेतल्या चित्रपटासाठी ‘एक देश एक चित्रपट’ ही अट नाही, आणि ‘अ‍ॅनाटॉमी’ने तो पुरस्कार ‘झोन’लाही मागे टाकून जिंकला, पटकथेचाही त्याचाच. फेब्रुवारीत ब्रिटनच्या बाफ्टामध्ये मूळ पटकथा. तिथे परभाषेचा पुरस्कार मात्र ‘झोन’ला गेला. २३ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये सेझार, म्हणजे फ्रान्सचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार: चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेत्री, सहाय्यक अभिनेता स्वान आर्लो आणि संकलन. दिग्दर्शनाचा सेझार मिळवणाऱ्या त्रिए दुसऱ्याच स्त्री; पहिल्या तोनी मार्शल, २००० साली. सात जणांच्या समितीने मागे ठेवलेला चित्रपट फ्रेंच चित्रसृष्टीच्या हजारो सभासदांनी वर्षाचा सर्वोत्तम ठरवला होता.

१० मार्च २०२४ रोजी ऑस्करमध्ये त्रिए आणि हरारी यांना मूळ पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी दिग्दर्शनाच्या नामांकनांत त्या एकट्याच स्त्री होत्या. ज्या पटकथेला कानच्या नियमांमुळे वेगळा मान देता आला नव्हता, तिचा मान दहा महिन्यांनी असा चुकता झाला.

पुढचं वर्ष, आणि रत्नागिरी

मराठी माणसाला ‘एक देश एक चित्रपट’ या दाराची ओळख आहे. ‘श्वास’ २००४ मध्ये भारताची प्रवेशिका ठरला तेव्हा अमेरिकेतल्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. व्हेनिसमध्ये गौरवलेला ‘कोर्ट’ २०१५ मध्ये त्याच दारातून गेला. देश पाठवतो, पण मोहिमेचा खर्च निर्मात्याच्याच गळ्यात राहतो.

२०२४ मध्ये हा धागा आणखी जवळ आला. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ने कानचा ग्राँ प्री जिंकला. मुंबईतल्या परिचारिका, मल्याळम, हिंदी आणि मराठी संवाद, रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे जाणारा उत्तरार्ध, त्यात छाया कदम. निर्मितीत फ्रेंच कंपनी असल्यामुळे तो फ्रान्सचाही चित्रपट ठरत होता, आणि फ्रान्सच्या समितीने त्याला अंतिम चारांत घेतलं. शेवटी निवड ‘एमिलिया पेरेझ’ची झाली. काही दिवसांनी, २३ सप्टेंबरला, भारताच्या समितीने ‘लापता लेडीज’ निवडला. दोन देशांचा असलेला चित्रपट दोन्ही दारांतून बाहेर राहिला.

फ्रान्सच्या निवडीने या वेळी १३ नामांकनं मिळवली, तरी आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा ऑस्कर ब्राझीलला गेला. भारताची निवड पंधरांतही आली नाही; त्या पंधरांत हिंदी भाषेतला ‘संतोष’ होता, तो ब्रिटनने पाठवलेला. आणि गोल्डन ग्लोबमध्ये, जिथे देशाची चिठ्ठी लागत नाही, तिथे ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला परभाषेतल्या चित्रपटाचं नामांकन होतं, आणि पायल कपाडियांना दिग्दर्शनाचं.